मंजुळाराजे यांच्या पहिल्या दाताची हकिकत

पाळण्यात जो निजतो त्यास नमन, आणि पाळण्याची दोरी जिच्या हाती तिजला दुसरे नमन. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्लनाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमीस, सूर्योदयापासून दोन घटका जाहल्या असता, राजकन्या मंजुळाराजे, वय महिने सात, यांस खालचे हिरडीस एक दात दिसला. दात तांदळाच्या कणीएवढा. प्रथम पाहिला राजवैद्य नरहरशास्त्री यांनी, आणि दुसरे पाहणारे दिवाण विसाजीपंत. राजकन्येची दाई भिवरा हिने तीन दिवस आधीच पाहिला होता, परंतु बोलली नाही. हे तिनेच मागाहून कबूल केले.

मग नगारखान्यात चौघडा झडला आणि गावात साखर वाटली आणि त्याच घटकेस वाड्याचे मागील दरवाज्यास एक बैलगाडी आणोन उभी केली. गाडी भिवरेसाठी. त्या राज्यात अकरा पिढ्यांचा शिरस्ता ऐसा की दात आला, दाई गेली. दात दिसलेपासून पाचवे दिवशी दाईस लुगडे-चोळी द्यावी, ओटी भरावी, गाडीत बसवोन तिचे गावी पोहोचवावे, आणि तिने पुन्हा वाड्यात तोंड दाखवू नये. यात कोणास वाईट वाटावयाचे कारण नाही ऐसे समजत असत, कारण दाताआधी लेकरास काही कळत नाही आणि जे कळत नाही ते आठवत नाही, ऐसा तेथील शास्त्रार्थ होता. याच शास्त्रार्थावर दुसरी एक चाल पडली होती. खलबतखान्याच्या भिंतीस कान असतात, पाळण्यास नसतात, म्हणोन राज्यातील गुप्त मसलती पाळण्याच्या खोलीत होत. दाईस निवडावयाचे तांदूळ देऊन बाहेर सोप्यावर बसवीत, आणि दिवाण, सेनापती आणि दोघे मानकरी पाळण्याभोवती बसोन कोणता किल्ला कोणाचा, कोणाचे नाक कापावे, कोणास मोठेपण द्यावे, हे बोलत. सात महिने ऐसे चालले होते.

महाराज उत्तरेचे मोहिमेवर होते, म्हणोन कारभार राजकन्येच्या मातोश्री आऊसाहेब पाहत. भिवरा त्यांचेपुढे गेली आणि पदर पसरून उभी राहिली. ती नदीपलीकडील धनगरवाड्याची, वय पंचवीस, बोलणे सरळ. म्हणाली, "आऊसाहेब, शिरस्ता मोडा असं मी म्हणत न्हाई. पर हिला काही कळत न्हाई असं म्हणून मला काढू नका. मी गेले तर ही मला हुडकील, आणि मी सापडायची न्हाई." दिवाण विसाजीपंत जवळ होते. ते काही दुष्ट पुरुष नव्हते. कारभारात सच्चे, हिशेबात चोख, आणि बत्तीस वर्षांत हसलेले कोणी पाहिले नव्हते इतकेच. ते बोलिले, "बाई, डोळ्यांआड गेले ते लेकरास उरत नाही. तू गाडीत बसलीस की तिच्या लेखी तू जन्मलीच नव्हतीस." भिवरा म्हणाली, "मग मी खुळखुळा पदराखाली झाकला की ती पदर का वढती?" पंत बोलिले, "लेकरे पदर ओढतात." भिवरा म्हणाली, "पदरात काही नसलं तर न्हाई वढत."

आऊसाहेबांनी पुसिले, "तिला कळते हे तुला कशावरून कळते? बोलता तर येत नाही." तेव्हा भिवरेने जे सांगितले त्यावरोन पुढील सर्व प्रकरण उत्पन्न जाहले. ती म्हणाली, "ती बघती, त्यावरनं. घडायचं तेच घडलं की घटकाभर बघून तोंड फिरवती. भलतंच घडलं की बघतच ऱ्हाती. मागल्या भिंतीवर रोज तीन वानरं येतात. मला तिन्ही सारखीच. परवा त्यातलं एक बदलून दुसरं आलं, मला कळलं न्हाई, हिला कळलं. ही डोळं लावून बसली. मग मी माळ्याला इचारलं, तर तो म्हणतो, व्हय, कान फाटलेलं नवीन आलंय." माळ्यास बोलावून विचारिले, त्याने तैसेच सांगितले. भिवरा आणखी म्हणाली, "आन पंत परवा पगडी काढून आत आले, तवा ही अशीच बघत हुती. पगडी घातली तशी हिनं तोंड फिरवलं." पंत बोलिले, "माझी पगडी हा दरबारचा विषय नव्हे." आऊसाहेबांनी पदर तोंडास लाविला.

मग ठरले ऐसे की नवमीस, म्हणजे गाडी निघावयाचे दिवशी, भर दरबारात परीक्षा घ्यावी. लेकरू जाणते ठरले तर शिरस्त्याचा पाया नाही, आणि न ठरले तर भिवरेने त्याच पावली गाडीत बसावे. परीक्षेचे माप काय, ऐसा प्रश्न पडला, तेव्हा नरहरशास्त्री म्हणाले, माप मी देतो. ते तीन दिवस पाळण्याशी बसले, आपल्या डाव्या मनगटावर उजवी बोटे ठेविली, आणि राजकन्या कोणत्या गोष्टीकडे नाडीचे किती ठोके पाहते हे मोजोन कागदावर टिपिले. चेंडू फळीवरोन ढकलला आणि खाली पडला, ठोके पाच. चेंडू काळ्या दोऱ्याने बांधोन फळीवरोन ढकलला आणि पडला नाही, ठोके अठरा. आऊसाहेब बोलल्या आणि आऊसाहेबच पडद्यातून बाहेर आल्या, ठोके चार. आऊसाहेब बोलल्या आणि पडद्यातून सेनापती बाहेर आले, ठोके बावीस. शास्त्री साठीचे गृहस्थ, दोन नातवंडांचे आजोबा, परंतु षष्ठीस जेवावयास उठले नाहीत आणि सप्तमीस स्नानास. घरून बोलावणे आले तेव्हा म्हणाले, "सांगा, मी शिकतो आहे." कोणाजवळ, हे बोलिले नाहीत.

परीक्षेस खेळ दाखवावयास घाटाखालील कळसूत्री बाहुल्यांवाला गुणाजी ठाकर यास आणिले. तो देवीचे उत्सवास आला होता. नवमीस दिवस सहा घटका आला असता दरबार भरला, असामी दोनशे चौदा. राजकन्येस गादीवर लोडास टेकवोन बसविले, शेजारी भिवरा, समोर पाच हातांवर गुणाजी, त्याचे दोन्ही कुशींस दोन लाल झोळ्या, आणि त्याची छोटी पडदी, आणि बाजूस शास्त्री आपले मनगट धरोन. पहिली परीक्षा ऐसी. गुणाजीने एक बाहुली नाचवीत आणिली आणि पडदीमागे उभी केली, मग दुसरी आणिली आणि तीही पडदीमागे गेली, आणि पडदी उचलिली तो दोन बाहुल्या. राजकन्येने पाच ठोके पाहिले आणि आपली मूठ तोंडात घातली. मग पुन्हा एक गेली, दुसरी गेली, परंतु गुणाजीने मागल्या मागे एक खाली ओढोन घेतली, आणि पडदी उचलिली तो बाहुली एकच. राजकन्येने मूठ तोंडातून काढिली. ठोके एकोणीस. शास्त्र्यांनी मोठ्याने सांगितले आणि दरबारात "एक आणि एक दोन येतात, बाईसाहेबांस येतात" ऐसे मागल्या रांगेपर्यंत गेले. पंत बोलिले, "एकदा तर आंधळ्याचाही नेम लागतो. दुसरी पाहू."

दुसरी परीक्षा ऐसी. बाहुल्यांतील म्हातारा टेकडी चढो लागला आणि घसरो लागला. पिवळ्या पागोट्याच्या बाहुल्याने त्यास मागोन आधार देऊन वर चढविले, आणि निळ्या पागोट्याच्या बाहुल्याने वरोन ढकलोन खाली पाडिले. मग दोन्ही बाहुले राजकन्येपुढे धरिले. तिने पिवळ्याचा पाय धरिला आणि सोडीना. पंत म्हणाले, "पिवळा रंग लेकरांस आवडतो." हा आक्षेप रास्त होता, म्हणोन पागोटी बदलिली, निळ्याने चढविले, पिवळ्याने ढकलिले, आणि पुन्हा दोन्ही पुढे धरिले. राजकन्येने निळा घेतला आणि त्याचे डोके नव्या दाताने चावोन पाहिले. मागील रांगेतील एक म्हातारा मानकरी शेजाऱ्यास म्हणाला, "आपल्यास हे ओळखावयास चाळीस वर्षे लागली." शेजारी म्हणाला, "आपण अजून चुकता." तेव्हा भिवरा प्रथमच थोडी सैल बसली.

मग थोडा विसावा जाहला, आणि दिवाण पाणी पिण्यास चौकात गेले, आणि गुणाजीही बाहुल्यांचे दोरे ओढावयास चौकात होता. दोघे काही बोलले हे पाणी देणाऱ्याने पाहिले. काय बोलले हे त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते. परत येऊन पंत म्हणाले, "आता शेवटची. पहिली परीक्षाच पुन्हा करा. खरे ज्ञान असेल तर तेच उत्तर येईल." आऊसाहेबांनी मान हलविली. गुणाजीने पहिली बाहुली पडदीमागे नेली, मग दुसरी नेली, आणि इतक्यात चोपदाराने ललकारी दिली. त्या दरबारची रीत ऐसी की घटका भरली की ललकारी व्हावी, आणि ललकारी चालली असता लहानथोर सर्वांनी गादीकडे तोंड करोन, मान लववोन, नजर भूमीकडे ठेवावी. अकरा पिढ्यांची नावे आणि एकेकाचे पाच-सात किताब, म्हणोन ललकारी लांब. दोनशे चौदा माना खाली गेल्या, आऊसाहेबांचीही गेली, भिवरेचीही गेली, आणि शास्त्र्यांनी मनगट न सोडता मान लवविली. ललकारी संपली, माना वर आल्या, पडदी उचलिली, तो बाहुली एकच.

आता बाईसाहेब पाहतील म्हणोन सर्वांनी त्यांचेकडे पाहिले. राजकन्येने बाहुलीकडे चार ठोके पाहिले आणि तोंड फिरविले.

 आऊसाहेबांनी दुसऱ्यांदा विचारिल्यावर शास्त्र्यांनी "चार" ऐसे सांगितले. दिवाण उठले आणि संथपणे बोलिले, "एक गेली, दुसरी गेली, उरली एक. बाईसाहेबांस त्यात काही वावगे दिसले नाही. म्हणजे आधीचा तो योग होता. आमचा कोणावर राग नाही. दाईस ओटी भरोन द्यावी."  भिवरेने लोडाशी पडलेले राजकन्येचे दुपटे उचलिले, चौघडी घातले, पुन्हा उलगडिले, आणि पुन्हा घातले. कोणी मागे जाऊन गाडी जुंपावयास सांगितले. शास्त्र्यांची बोटे मात्र सवयीने मनगटावरच होती, आणि ते आपल्याशीच मोजीत होते. मग ते म्हणाले, "तेवीस." पंत म्हणाले, "काय तेवीस?" शास्त्री म्हणाले, "बाईसाहेब तेवीस ठोके कोठेतरी पाहत आहेत. पडदीकडे नव्हे."

तेव्हा भिवरेने मान वर केली. राजकन्या गुणाजीच्या डाव्या कुशीकडे पाहत होती आणि तिचा हात तिकडे लांब जाहला होता. भिवरा म्हणाली, "ती झोळीकडं बघती." पंत म्हणाले, "झोळी लाल आहे म्हणोन." भिवरा म्हणाली, "उजवीकडची पण लालच हाय की पंत. तिकडं का बघत न्हाई?"  आऊसाहेब म्हणाल्या, "गुणाजी, डावी झोळी उघडा." गुणाजीने उघडिली. आतून दुसरी बाहुली निघाली.

गुणाजीने बाहुली दोन्ही हातांवर धरिली आणि म्हणाला, "माका दिवाणजींनी सांगल्यानी, ललकारी सुरू झाली काय एक भायर काढ. मी काढलंय. पण लपान नाय काढूक, आऊसाहेब, सगळ्यांसमोर काढलंय, पडदीच्या वरसून उचललंय आणि झोळीत घातलंय. पण बघतला कोण? सगळ्यांची तोंडा जमनीकडे. ता एक बाळ तेवढा माझ्याकडे बघी होता." ऐसे म्हणोन त्याने राजकन्येस नमस्कार केला. याचा अर्थ दरबारास हळूहळू उमजला. दोन गेल्या, एक बाहेर निघाली, उरली एक. बाईसाहेबांचे उत्तर बरोबर होते आणि दोनशे चौदा असामींचे चूक. रीत पाळणारे सर्व चुकले, आणि जिला रीत ठाऊक नाही तिने पाहिले. प्रथम शास्त्री हसले, मग म्हातारा मानकरी, मग ते हसणे रांगेरांगेने मागे गेले आणि चोपदारापर्यंत पोहोचले, आणि राजकन्याही सर्व हसतात म्हणोन हसली, तेव्हा तो एक दात दरबारातील पुष्कळांनी प्रथम पाहिला.

आऊसाहेब हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पंत, हे का केलेत? भिवरेने आपले काय बिघडविले?" पंत म्हणाले, "भिवरेने काही नाही. सात महिने आम्ही त्या पाळण्याशी खलबते केली. लेकरू अजाण आहे तोवर ती गुप्त. लेकरू जाणते ठरले तर," आणि थांबले. आऊसाहेब म्हणाल्या, "तर?" पंत म्हणाले, "तर त्यांनी सर्व ऐकले आहे. कोणाविषयी कोण काय बोलले ते सुद्धा." तेव्हा हसणे थांबले आणि ज्यांनी ज्यांनी त्या खोलीत मसलत केली होती ते आपण काय बोललो ते आठवो लागले. सेनापतींस काहीतरी आठवले आणि ते खाली बसले. शास्त्री म्हणाले, "शब्द त्यांस आज कळत नाहीत. स्वर कळतो. राग कोणाचा, लाघव कोणाचे, इतके कळते." पंत म्हणाले, "तेच पुष्कळ आहे."

मग आऊसाहेबांनी भिवरेस जवळ बोलावून राजकन्येस तिचे मांडीवर दिले आणि सर्वांस ऐकू जाईल ऐसे म्हणाल्या, "मला एक ओवी येते. कोणी शिकविली ठाऊक नाही. माझ्या आईस येत नव्हती, आजीस येत नव्हती, सासरी कोणास येत नाही. तीत एका नदीचे नाव आहे आणि ती नदी मी पाहिलेली नाही. मी आजवर समजत होते की ती माझी मलाच सुचली. माझ्या माहेरीही हाच शिरस्ता, आणि माझीही एक दाई होती. माझा दात आला आणि ती गाडीत बसली." इतके बोलोन त्यांनी माहेरच्या दफ्तराकडे स्वार पाठवोन त्या दाईचे नाव-गाव शोधावयास सांगितले. मग हुकूम जाहला तो ऐसा: शिरस्ता मोडावयाचा अधिकार महाराजांस, म्हणोन हकिकत लिहोन छावणीस पाठवावी, उत्तर येईतो भिवरेने आहे तेथेच राहावे, गाडीचे बैल सोडावे, गाडी मात्र दरवाज्यात तैसीच असो द्यावी, आणि पाळण्याचे खोलीत मसलत करू नये. दिवाणांस शिक्षा काही सांगितली नाही. त्यांनी मागाहून आपण होऊन भिवरेपुढे जाऊन "चुकलो, बाई" इतके म्हटले. भिवरा म्हणाली, "मला न्हाई, तिला सांगा. ती ऐकती."

एकंदर तात्पर्य थोडक्यात लिहितो. राजकन्या मंजुळाराजे यांस एक आणि एक दोन येतात, दोनातून एक गेले तर किती हेही येते, वानर वानरापासून निराळे ओळखता येते, उपकार करणारा कोण आणि ढकलणारा कोण हे पागोटे बदलिले तरी कळते, आणि डोळ्यांआड गेलेले कोठेतरी आहे हे ठाऊक आहे. हे सर्व त्यांस पूर्वीपासून येत होते. दरबारास नवमीस कळले. गावातही त्याचा परिणाम जाहला. पाळण्याजवळ भांडणारी माणसे बाहेर जाऊन भांडू लागली, आणि तान्ह्या लेकरांचे चालता चालता क्षेमकुशल पुसणे वाढले. खलबते हल्ली हत्तीखान्यात होतात. हत्तीस काय कळते याचा तपास अद्याप कोणी केलेला नाही.

माघ वद्य एकादशीपर्यंतची खबर ऐसी. छावणीहून उत्तर आलेले नाही. आऊसाहेबांचे माहेरच्या दफ्तरात त्या दाईविषयी "दाई, असामी एक" इतकाच लेख सापडला. स्वार त्या ओवीतील नदी विचारीत पुढे गेला आहे, परतला नाही. गाडी मागील दरवाज्यात उभी आहे, आणि तीत वाड्यातील एका कोंबडीने चार अंडी घातली आहेत, म्हणोन तूर्त ती कोणी हलवीत नाही. एकादशीस प्रातःकाळी राजकन्येस दुसरा दात दिसला. भिवरेने त्याच घटकेस ओरडोन सर्वांस सांगितले. दिवाण विसाजीपंत पाहावयास आले, सोबत लाकडी राघू आणिला होता, आणि त्या वेळी पंत हसत होते. राजकन्येने राघू घेतला नाही. ती पंतांच्या तोंडाकडे पाहत राहिली. शास्त्र्यांनी मोजिले, ठोके एकतीस. याहून अधिक आजवर मोजलेले नाहीत. कारण अद्याप समजले नाही.